पचमढीचा ‘शोध’

थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास आपल्याकडे बहुधा एखाद्या साहेबाच्या नावापासून सुरू होतो. महाबळेश्वर म्हटले की माल्कम आठवतो, माथेरान म्हटले की मॅलेट. सातपुड्यातील पचमढीच्या वाट्याला कॅप्टन जेम्स फोर्साइथ आला आहे. प्रवाशांसाठी छापलेल्या पुस्तिकांत त्याने हे स्थान १८५७ साली शोधून काढले, असे ठोकून दिलेले असते. त्याच्या स्वतःच्या, १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून मात्र ही स्वारी १८६२ ची ठरते. सालाची ही चूक तशी किरकोळ होय. आम्हाला खटकतो तो ‘शोध’ हा शब्द. ज्या डोंगराकडे आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या महादेवाच्या दर्शनाला पायी जात आले, तो डोंगर हरवला होता कधी?

प्रथम स्थानाचे वर्णन करू. नर्मदेच्या दक्षिणेस, पिपरिया स्थानकापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर, साडेतीन हजार फूट उंचीचे हे पठार आहे. भोवती महादेवाचे डोंगर उभे असून त्यांतील धूपगड हे शिखर १३५२ मीटर, म्हणजे साऱ्या सातपुड्यात सर्वांत उंच. खडक वालुकाश्माचा आहे. पावसाळ्यात सरासरी ऐंशी इंचांच्या आसपास कोसळणारे पाणी या खडकात मुरते आणि भर उन्हाळ्यातही झऱ्यांच्या रूपाने पाझरत राहते. हांडी खोहसारख्या खोल दऱ्यांत ऊन क्वचितच पोहोचते. तेथील ओलाव्यात नेचांच्या अनेक जाती, एवढेच नव्हे तर वृक्षनेचेही वाढतात. साल आणि साग हे दोन वृक्ष हिंदुस्थानातील अरण्यांचे जणू दोन सुभेदार; त्यांच्या सरहद्दी येथे एकमेकींना भिडतात. झाडांवर आमच्या सह्याद्रीतले शेकरू बागडताना दिसते. हिमालयातील प्राणी कधीकाळी सातपुड्याच्या मार्गाने सह्याद्रीपर्यंत पोहोचले असावेत, असा सिद्धांत प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४९ साली मांडला. तो सर्वांशी मान्य झाला नसला, तरी पचमढीच्या रानात हिंडणाऱ्यास तो सुचला कसा याचे नवल वाटत नाही.

गावाचे नाव पाच मढ्यांवरून पडले, असे सांगतात. लहानशा टेकडीत कोरलेल्या या पाच गुंफांत पांडव राहिले अशी लोकांची श्रद्धा. त्या बौद्ध भिक्षूंच्या असाव्यात असे अभ्यासकांचे मत. त्याही पूर्वीचा पुरावा आसपासच्या शैलाश्रयांत मिळतो. तेथे लाल-पांढऱ्या रंगांत काढलेली शिकारीची, नाचाची, मध गोळा करण्याची चित्रे आहेत. त्यांतील काही हजारो वर्षांची जुनी मानली जातात. तेव्हा ‘शोध’ कोणी लावला असेलच, तर तो त्या निनावी चितार्‍यांनी.

ऐतिहासिक काळात या डोंगरांचे धनी म्हणजे गोंड आणि कोरकू. कोरकू बोली मुंडा कुळातील; मेळघाटात राहणारे कोरकू याच लोकांचे भाईबंद. डोंगरातील ठाकुरांकडे छोट्या छोट्या जहागिऱ्या होत्या आणि महादेवाच्या स्थानांची पिढीजात राखणही होती. दक्षिणेकडे देवगडचे गोंड राज्य होते. ते पुढे कोणी गिळले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. १७४३ च्या सुमारास रघूजी भोसल्यांनी नागपूर आपल्या हाती घेतले आणि गोंड राजा नावापुरता उरला.

ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढचा प्रसंग वाचावा. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. पुढे त्यांना पदच्युत करून कैदी म्हणून प्रयागेकडे नेत असता, मे १८१८ मध्ये, ते शिपायाच्या वेषात निसटले आणि थेट या महादेवाच्या डोंगरांत शिरले. आप्पासाहेब काही निष्कलंक पुरुष नव्हते. चुलतभाऊ परसोजींच्या हत्येचा ठपका त्यांच्यावर आहे. तरीही हर्रईच्या चैन शहा या गोंड सरदाराने त्यांना आसरा दिला. इंग्रजांनी मोठे इनाम जाहीर केले, फौजा पाठविल्या; पण आठ-नऊ महिने या डोंगरांतून कोणी त्यांना धरून दिले नाही. १८१९ च्या फेब्रुवारीत ते अशीरगडाकडे निघून गेले. नंतर पंजाब व शेवटी जोधपूर अशी भटकंती होऊन १८४० मध्ये त्यांचा अंत झाला. ज्यांचे राज्य भोसल्यांनी घेतले, त्यांच्याच जातभाईंनी भोसल्यांच्या वंशजास पाठीशी घातले. नागपूरच्या इतिहासात सीताबर्डीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या आठ-नऊ महिन्यांसाठी मात्र दोन ओळीही कोणी फारशा खर्चिल्या नाहीत.

चाळीस वर्षांनी तसाच प्रसंग पुन्हा आला. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच मुलखातून मुलताईच्या बाजूस उतरले. त्यांच्या बाजूने हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह उभा राहिला. तात्या पुढे गेले. भभूतसिंह मागे आपल्या डोंगरात लढत राहिला. अखेर तो पकडला गेला आणि १८६० मध्ये त्याला फाशी देण्यात आली.

त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी फोर्साइथ घाट चढून वर आला. तो दुष्ट मनुष्य नव्हता. निसर्गाचा जाणता, रसिक आणि तिखट नजरेचा असा तो अधिकारी होता. त्याचा ग्रंथ आजही वाचनीय वाटतो. डोंगरातले ठाकूर, महादेवाचा मेळा, मेळ्यात पसरणारी पटकी या सर्वांचे वर्णन त्याने केले आहे. म्हणजे आपण निर्जन स्थळी आलो, असा त्याचाही दावा नव्हता. वनखात्याच्या कामासाठी त्याने येथे ‘बायसन लॉज’ नावाचे घर बांधले. गव्यांवरून नाव मिळालेले ते घर आता वनखात्याचे संग्रहालय आहे.

आरोग्यस्थान ही कल्पना मुळात त्या काळच्या वैद्यकातून आली. सखल, दलदलीच्या जागी दूषित हवा उठते आणि तिच्यापासून ताप येतो, असा समज होता. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा. ताप डासांमुळे पसरतो हे रॉनल्ड रॉसने दाखविले ते १८९७ मध्ये. तोवर उंचावर जाणे हाच उपाय. म्हणून पचमढीस गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम झाले, छावणी वसली, १८७५ मध्ये चर्च उभे राहिले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली होतीच. पुढे उन्हाळ्यात प्रांताचे वरिष्ठ अधिकारी पचमढीस मुक्काम हलवू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर-पचमढीचा हा दप्तरी संबंध तुटला. छावणी मात्र राहिली; सैन्याच्या शिक्षण दलाचे महाविद्यालय आज तेथे आहे.

साहेबांस आरोग्य लाभले, अरण्यास संरक्षण लाभले. पण अरण्यवासीयांस काय लाभले? शेजारच्या बोरीचे वन १८६५ मध्ये राखीव झाले. देशातील पहिल्या राखीव वनांत त्याची गणना होते. झाडोरा जाळून त्या राखेत पेरणी करण्याची डोंगरातली जुनी रीत गुन्हा ठरली. वन राखले गेले ही गोष्ट चांगलीच. १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, पुढे व्याघ्रप्रकल्प आला. ते झाले नसते, तर साल-सागाचा तो संगम आज कितपत उरला असता? परंतु प्रत्येक वेळी जागा सोडावी लागली ती त्याच लोकांना. प्रकल्पाच्या गाभ्यातील गोंड-कोरकूंची अनेक गावे गेल्या काही दशकांत बाहेर हलविण्यात आली आहेत.

आम्ही बृहन्महाराष्ट्रातले लोक. परक्या प्रांतात आसरा मिळणे म्हणजे काय, हे आम्हास पुस्तकातून शिकावे लागत नाही. महाशिवरात्रीस चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारे मराठी भाविक आजही दिसतात. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या बिकट वाटेवर तर विदर्भातील माणसांचीच दाटी असते. त्यांच्या घरच्या महादेवाच्या गाण्यांत हा डोंगर परका नाही. त्या वाटा ज्यांनी युगानुयुगे मोकळ्या ठेवल्या, ज्यांनी आमच्या पराभूत राजास दडविले आणि तात्यांसाठी फाशी पत्करली, त्यांची नावे आमच्या मुलांना ठाऊक असू नयेत, याची आम्हास लाज वाटली पाहिजे. पचमढीस जाणाऱ्याने धूपगडावरून सूर्यास्त अवश्य पाहावा. पण उतरताना चैन शहा आणि भभूतसिंह ही दोन नावे बरोबर घेऊन उतरावे.