छावणीच्या दारातल्या आयाबाया

आपल्या समाजाला पलटण नवी नाही. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ ला ती मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. शिपायांचा हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण शिपायाला भेटायला गेलेल्या आईने, बायकोने बसायचे कुठे, लेकराला जेवू घालायचे कुठे, हे कोणी विचारले का?

अमेरिकेतल्या बायांनी ते विचारले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तेव्हा भेटीला येणाऱ्या कुटुंबांसाठी वाय.डब्ल्यू.सी.ए. या महिला संस्थेने छावण्यांत पाहुणघरे उघडली. टेकायला खुर्ची, खायला गरम अन्न, लेकरांना सावली. मात्र भेदभाव तिथेही होताच! कृष्णवर्णीय शिपायांच्या माणसांना पाहुणघर वेगळे. त्यातले पहिले न्यूयॉर्क राज्यातील कॅम्प अप्टन येथे, आणि ते कृष्णवर्णीय स्त्रियांनीच चालविले. अटलांटाच्या समाजसेविका ल्युजेनिया बर्न्स होप यांनी तेथे कार्यकर्त्या महिलांना शिकवून तयार केले. अ‍ॅडी हंटन व कॅथरीन जॉन्सन तर शिपायांच्या सेवेसाठी फ्रान्सला गेल्या आणि १९२० मध्ये त्यांनी आपले अनुभव पुस्तकरूपाने छापले.

त्यांनी लिहिले म्हणून आज आपणास कळले. जाफराबाद परिसरात ज्यांच्या घरातून माणूस पलटणीत गेला, त्यांनी घरातल्या आजीला विचारावे. ती भेटीला कशी गेली, कुठे थांबली, तिला पाणी कोणी दिले? ती सांगेल ते आपण लिहून ठेवू. तोही आपला इतिहासच आहे.