‘बाकीचे हात आमचेच!’: पत्त्यांच्या डावात वेळ वाचवण्याचा इतिहास 🧵

१/ मेंढीकोटचा डाव रंगात आलेला असतो. प्रत्येकाच्या हाती पाच-पाच पाने उरलेली असतात. इतक्यात एक भिडू आपली पाने सतरंजीवर उलगडून ठेवतो आणि म्हणतो, “बाकीचे हात आमचेच.” पाच हात न खेळताच डाव संपतो. उरलेले टप्पे गाळण्याचा हा अधिकार त्याला कोणी दिला? या साध्या प्रश्नामागे बराच जुना इतिहास आहे.

२/ आरंभ गंजिफापासून करू. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली ठठ्ठ्याच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या, एकूण १४४ पानांच्या संचाचे वर्णन येते. महाराष्ट्रात रुजली ती दशावतारी गंजिफा: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० गोल पाने.

३/ आता हिशेब पाहा. खेळाडू तीन, म्हणजे प्रत्येकी ४० पाने. एकेक पान टाकत गेल्यास एका डावात ४० हात होतात. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. एवढा पसारा ध्यानात ठेवून खेळायचे, तर डाव लांबणारच.

४/ येथे एका शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. आज आपण ‘हुकूम’ म्हणतो तो इतर रंगांना कापणारा रंग. गंजिफात असा कापणारा रंगच नाही. तेथे हुकूम म्हणजे त्या घडीला त्या रंगातील, अद्याप न खेळलेल्यांपैकी सर्वांत वरचे पान. राजा गेला की प्रधान हुकूम होतो. प्रधानही गेला की त्याखालचे पान. म्हणजे हुकूम पानावर छापलेला नसतो, तो खेळणाऱ्याच्या स्मरणात असतो.

५/ वेळ वाचवण्याची युक्ती याच कल्पनेतून आली. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी. रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. या राजासोबत आणखी एक पान उतरवले जाई आणि इतर दोघे प्रत्येकी दोन पाने टाकत. पुढेही हाती एकाहून अधिक हुकूम असतील, तर ते एकत्र उतरवता येत. रंग देण्याचे बंधन नसल्याने इतरांनी तितकीच निरुपयोगी पाने टाकली की अनेक हात एका दमात उरकत.

६/ मात्र ही सवलत फुकटची नव्हती. “हे माझे हुकूम” असे म्हणणाऱ्याला वरची सगळी पाने गेली आहेत याची खात्री हवी. समोरच्या दोघांनाही ती हवी, नाहीतर ते डोळे मिटून पाने टाकतील. एकाचा दावा आणि दोघांची स्मृती यांच्या जोरावरच टप्पे गाळले जात होते. ज्याचे ध्यान सुटले त्याचे नुकसान.

७/ पुढे छापील ५२ पानांचा स्वस्त जोड घरोघरी पोचला आणि हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली गंजिफा मागे पडली. सावंतवाडीत शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी केली. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतीय गंजिफांचा संग्रह आणि अभ्यास केला. आज ही पाने भेट म्हणून विकत घेणारे पुष्कळ आहेत. त्यांवर डाव मांडता येणारे फार थोडे.

८/ ५२ पानांसोबत दुसरी एक परंपरा आली, ती लेखी नियमांची. १८६४ साली लंडनच्या क्लबांनी व्हिस्ट या खेळाचे नियम ठरवले. त्यांत एक कलम असे, की डाव जिंकला किंवा हरला असे समजून कोणी पाने उघडी टाकली, तर ती ‘उघड पाने’ ठरतील आणि त्यांतील कोणते केव्हा खेळायचे हे प्रतिपक्ष सांगू शकेल. शिवाय एकाने जरी आपली पाने हाती राखली, तरी ती टाकण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. म्हणजे घाई करणाऱ्याला जबर दंड आणि सावधाला संरक्षण.

९/ १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी काँट्रॅक्ट ब्रिजला आजचे रूप दिले. स्पर्धेतील डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. एका डावाला साधारण सात-आठ मिनिटे मिळतात आणि एक टेबल रेंगाळले की पुढचे खोळंबते. त्यामुळे येथे टप्पे गाळणे ही सर्वांचीच गरज झाली. नियमांनी ‘दावा’ मान्य केला: पाने दाखवा, उरलेले हात कोणत्या क्रमाने खेळणार ते स्पष्ट सांगा आणि तेथेच थांबा.

१०/ प्रतिपक्षाने हरकत घेतली तर निर्णय स्पर्धेचा पंच देतो, आणि शंकेचा फायदा दावा करणाऱ्याला मिळत नाही. एक उदाहरण घ्या. प्रतिपक्षाकडे एक लहानसा हुकूम शिल्लक आहे. दावा करणाऱ्याने त्याचा उल्लेखच केला नाही आणि बहुधा तो त्याच्या ध्यानातही नव्हता. नेहमीच्या खेळात त्या पानाने एखादा हात जाऊ शकत असेल, तर तो हात प्रतिपक्षाला दिला जातो. गंजिफातली जुनी अट येथे कायद्याच्या भाषेत परत आली: बाहेर काय शिल्लक आहे हे ज्याला ठाऊक, त्यानेच थांबावे.

११/ आता आपल्या मेंढीकोटकडे येऊ. पाने वाटतानाच येथे वेळ वाचवतात: आधी पाच-पाच, मग चार-चार अशा गठ्ठ्यांनी. चार दहिल्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन मेंढ्या तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा अधिक ते जिंकले. मग तीन मेंढ्या आल्यावर उरलेले हात का खेळायचे? कारण चौथी मेंढीही आली तर कोट होतो, आणि तेराही हात आले तर बावन्न पानांचा कोट. तिसऱ्या मेंढीला पाने टाकून देणारा भिडू चौथीवरचा आपल्या जोडीचा हक्कही टाकून देतो.

१२/ यवतमाळ-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ नॅरोगेज गाडी सुमारे ११३ किलोमीटरला चार-पाच तास घेई. अशा गाडीत किंवा गावच्या पारावर वेळेला तोटा नसतो, तरीही तेथे “बाकीचे आमचेच” ऐकू येतेच. एक रटाळ शेवट वाचला की आणखी एक नवा डाव मांडता येतो, हा त्यामागचा हिशेब. स्पर्धेतले घड्याळ आणि पारावरचा उत्साह एकाच पळवाटेला येऊन मिळतात.

१३/ फरक पडतो तो चौथ्या भिडूला. पंच नाही, लेखी कलम नाही, आणि नवखा पोरगा समोरची उघडी पाने पाहून नुसता मान डोलावतो. कदाचित त्याच्याच हातात तो एक हुकूम असतो. व्हिस्टच्या नियमाने त्याला आपली पाने हाती धरून ठेवण्याचा हक्क दिला होता. ब्रिजच्या पंचाने त्याचा हात त्याला मिळवून दिला असता. घरच्या डावात हे काम जाणत्या भिडूंनाच करावे लागते.

१४/ म्हणून पुढच्या वेळी कोणी पाने उलगडली, तर न संकोचता म्हणा, “कसे ते सांगा.” सांगणाऱ्याला अर्धा मिनिट लागेल, आणि नवखा त्या अर्ध्या मिनिटात पाने मोजायला शिकेल.

आपल्या गावी उरलेले हात सोडून देण्याचा काय नियम आहे? खाली जरूर लिहा. असे नियम कोठे छापलेले नसतात. ते खेळणाऱ्यांसोबतच जातात. 🙏