हिशेब कोणाचा आणि मांडायचा कोणी?

(धागा) सरकारी योजनांच्या मूल्यमापनाची कथा : प्रवरेच्या कालव्यापासून योजना आयोगापर्यंत

नगर आणि नाशिक जिल्ह्यांतील गोदावरी व प्रवरा कालवे ब्रिटिश सरकारच्या हिशेबात तोट्याचे होते. पाणीपट्टीतून येणाऱ्या उत्पन्नात बांधकामासाठी काढलेल्या कर्जाचे व्याजही धडपणे निघत नसे. अशा कामांसाठी सरकारदरबारी एक खास वर्ग होता : ‘संरक्षक’ कामे, म्हणजे दुष्काळापासून रक्षण करणारी. ज्यांतून व्याज सुटे, ती ‘उत्पादक’. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेकाठी उसाचे मळे उभे राहिले, हरेगाव आणि साकरवाडीसारख्या ठिकाणी साखर कारखाने निघाले. तरी खातेवहीच्या लेखी कालवा ‘अनुत्पादक’च राहिला.

हा हिशेब बरोबर होता का? बेरीज-वजाबाकी अचूक होती. पण प्रश्नच अपुरा विचारला गेला होता.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी हा प्रश्न नव्याने मांडला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या पाहणीचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष अशा दोन्ही लाभांचा शोध होता. बागाईत आणि कोरडवाहू शेती शेजारी ठेवून पाहिली, की फरक पिकापुरता उरत नाही. मजुराला वर्षातून किती दिवस काम मिळते, गूळ-साखरेवर किती व्यापार उभा राहतो, वाहतूक किती वाढते, हे सारे त्यात येते. यातले काहीच पाणीपट्टीच्या रकान्यात बसणारे नव्हते.

(याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. याच दख्खनच्या कालव्यांखाली निचऱ्याअभावी अनेक जमिनी चोपण झाल्या. तो तोटाही खातेवहीत दिसत नव्हता. तो ज्याच्या वावरात पांढरा थर धरला, त्यालाच दिसत होता.)

योजनेचे यश खजिन्यातून मोजायचे की गावातून, हा वाद अशा रीतीने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच उभा राहिला होता. पुढच्या दहा वर्षांत तो सबंध देशाचा झाला.

२ ऑक्टोबर १९५२. गांधीजयंतीच्या दिवशी देशभरात ५५ समूह विकास प्रकल्प सुरू झाले. एकेका प्रकल्पात सुमारे ३०० गावे आणि दोन लाख लोकवस्ती. शेती, रस्ते, विहिरी, शाळा, आरोग्य, असे सारे एकाच यंत्रणेमार्फत करायचे आणि लोकांनी श्रमदानाने त्यात सहभागी व्हायचे, ही कल्पना. प्रकल्पांची सूत्रे एस. के. डे यांच्या हाती होती, आणि कामावरची त्यांची निष्ठा वादातीत होती.

त्याच महिन्यात योजना आयोगाने आणखी एक गोष्ट केली. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ‘कार्यक्रम मूल्यमापन संघटना’ नावाची वेगळी संस्था तिने स्थापन केली. प्रकल्प राबविणारी यंत्रणा निराळी आणि त्यांची परीक्षा घेणारी निराळी. फोर्ड फाउंडेशनचे साहाय्यही या संस्थेला होते. कामाला जेमतेम आरंभ होत असतानाच परीक्षकाची नेमणूक करणारी सरकारे त्या काळी जगात थोडीच असतील.

संघटनेचे संचालक होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे. (महर्षी कर्वे निराळे. हे दत्तात्रेय गोपाळ, पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले.) संघटनेने आपले अधिकारी दिल्लीत न ठेवता प्रकल्पक्षेत्रांतच नेमले आणि प्रारंभीच्या स्थितीची पाहणी हाती घेतली. आधी गाव कसे होते याची नोंदच नसेल, तर नंतर झालेला बदल योजनेचा की चांगल्या पावसाचा, हे सांगायचे कसे?

इकडे प्रकल्पांच्या प्रगती-अहवालांत आकडे दाटीवाटीने येत होते : इतक्या विहिरी, इतके मैल रस्ता, इतके खत वाटले. ते आकडे खोटे होते असे नव्हे. मात्र विहीर कोणाच्या शेतात खोदली गेली, हे त्यांतून कळत नसे. त्यातच १९५३ पासून राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली आणि योजना सगळ्या देशभर पोहोचविण्याची घाई लागली. घाईत उद्दिष्टे वाढतात, ग्रामसेवकाचा वेळ मात्र वाढत नाही.

संघटनेच्या १९५७ च्या चौथ्या अहवालाने नेमके हेच दुखणे उघड केले. लाभांचे वाटप विषम होते. एका विकासगटात आणि दुसऱ्यात फरक होता. एकाच गटात मुख्यालयाच्या गावाला आणि ग्रामसेवकाला सहज जाता येईल अशा गावांना अधिक मिळाले, आडवळणाच्या गावांना कमी. एकाच गावात शेतकऱ्याला लाभ झाला, बिगरशेतकऱ्याला फारसा नाही. आणि शेतकऱ्यांतही मोठ्या जमिनीच्या व पैसा बाळगून असलेल्या शेतकऱ्याने लहान शेतकऱ्याला मागे टाकले. सरकारच्याच एका संस्थेने सरकारच्या सर्वांत लाडक्या योजनेविषयी हे छापले.

त्याच वर्षी बलवंतराय मेहता यांच्या अभ्यासगटाचा अहवाल आला. लोकांचा पुढाकार जागा करण्यात योजना अपुरी पडली, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर त्याने सुचविलेला उपाय प्रशासकीय नव्हता : निर्णयाचा अधिकारच निवडून आलेल्या स्थानिक संस्थांना द्यावा. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंचायत राज सुरू झाले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. आज जिल्हा परिषदेच्या दारात उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की तिच्या जन्मामागे एका योजनेच्या अपयशाची प्रामाणिक कबुली होती?

दृष्टिकोनाचा पुढचा बदल महाराष्ट्रातच दिसतो. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी योजना दशकाच्या अखेरीस कायद्याने पक्की झाली. तिचे केंद्र व राज्य यांनी मिळून केलेले मूल्यमापन १९८० मध्ये आले, आणि त्याच वर्षी गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. त्यांनी आपले प्रश्न नेले कामावरच्या मजुरांकडे, आणि त्या मजुरांत स्त्रियांची संख्या मोठी होती. पाझर तलाव किती झाले, हा एक प्रश्न. खडी फोडणाऱ्या बाईच्या घरी वर्षभरात काय बदलले, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे एकाच पाहणीतून मिळत नाहीत.

मूल्यमापन संघटना मात्र हळूहळू मागे पडली. अहवाल निघत राहिले, पण १९५७ सारखी त्यांची चर्चा झाली नाही. मग स्वातंत्र्य हवे म्हणून २०१३-१४ च्या सुमारास वेगळे ‘स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय’ उघडण्यात आले. त्याने २०१४ मध्ये, ज्या व्यवस्थेतून त्याचा जन्म झाला होता, तो योजना आयोगच मोडीत काढावा अशी शिफारस केली. आयोग त्याच वर्षी संपुष्टात आला. पण ते कार्यालयही वाचले नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये ते आणि १९५२ ची ती जुनी संघटना एकत्र करून नीती आयोगाच्या छत्राखाली नवे कार्यालय स्थापण्यात आले. त्याच्या नावात ‘स्वतंत्र’ हा शब्द नाही.