नाताळच्या ताटातली मुरड

दिवाळीत आई फराळाचे एक ताट भरून समोरच्या मावशींकडे पाठवायची. शरणपूर रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमची बिऱ्हाडे समोरासमोर होती. ते पितळी ताट दीड-दोन महिने परत येत नसे आणि आई ते मागतही नसे. नाताळच्या सकाळी ते क्रोशाच्या रुमालाखाली झाकून यायचे. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे आणि कडेला केकचे दोन तुकडे. आई आधी करंजी उचलून तिची मुरड बघायची. “हात चांगला आहे,” एवढेच म्हणायची, आणि मग आम्हाला खायला मिळायचे.

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानानंतरच्या गप्पांत कोणीतरी सहज म्हणून गेले, “त्यांचा नाताळचा फराळ म्हणजे आपलीच नक्कल.” बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसावे. मला मात्र तो शब्द टोचत राहिला. पेशाने मी हिशेबनीस. इतिहास मी शिकलो तो रद्दीतून आणि ग्रंथालयांतून. पण नक्कल म्हटली की मूळ कोणाचे आणि उतरवून कोणी घेतले, हे दाखवावे लागते, एवढे हिशेबाच्या वह्यांनी मला शिकवले आहे.

मिशनच्या अहवालांत बाप्तिस्मे, शाळा, वर्गण्या यांचे आकडे मिळतात. तळणीचा वास त्यांतून येत नाही. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात केली. जे मिशनरी इथे आले, त्यांच्या स्वतःच्या घरी नाताळ कसा होता?

उत्तराने मीच चकित झालो. अमेरिकन मिशनची माणसे मुंबईत आली 1813 मध्ये आणि अहमदनगरला त्यांचे ठाणे बसले 1831 मध्ये. ही मंडळी मुख्यतः न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली. त्याच परंपरेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून 1681 पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तिथे नाताळची अधिकृत सुट्टी झाली 1856 मध्ये. बायबलात तारीख नाही, मग सण कुठला, असा त्यांचा रोखठोक सवाल. मुंबईतल्या स्कॉटिश मिशनचीही गत वेगळी नव्हती. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी 1958 पर्यंत नव्हती. म्हणजे नगर-मुंबईकडच्या पहिल्या मराठी ख्रिस्ती घरांना नाताळचे ताट कसे सजवायचे हे शिकवणारे गुरू मुळात ताट न सजवणारे होते.

नाशिकची गोष्ट थोडी निराळी. इथे 1832 पासून काम केले ते चर्च मिशनरी सोसायटीने. ती अँग्लिकन, त्यामुळे नाताळ मानणारी. 1854 मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूरची ख्रिस्ती वसाहत वसवली. (तिथे मराठी ख्रिस्ती कुटुंबांबरोबर गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही शिकली. लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट त्यांतलाच. शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या नाशिककरांना हे सांगितले तर अजून खरे वाटत नाही.) पण गंमत अशी की, शरणपूर वसले तेव्हा खुद्द इंग्लंडातही पांढऱ्या आयसिंगचा नाताळ केक अजून रुळायचा होता. सजवलेला मोठा केक असे तो 6 जानेवारीच्या आसपासच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा, तो सरकत नाताळवर आला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ज्याला आपण अस्सल विलायती नाताळ समजतो, तो आणि आपले शरणपूर जवळजवळ बरोबरीचे आहेत.

मग सणाच्या दिवशी घरात करायचे काय? जे हाताला येत होते ते.

करंजीची पारी लाटायची, सारण भरायचे, कडेवरून दुधाचे बोट फिरवून ती मिटायची. पुढे दोन वाटा आहेत. कातण फिरवली की कड नागमोडी कापली जाते आणि काम पटकन उरकते. मुरड घालायची तर चिमटीत कड धरून एकावर एक दुमड घालत टोकापर्यंत जायचे, दोरखंडाला पीळ दिल्यासारखे. दिसायला ती सजावट. खरे तर तो बंदोबस्त आहे. कढईत एक करंजी उकलली तर सारण जळते आणि सगळे तूप नासते. अनारशाची खसखस तशीच. तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवलेले तांदूळ, त्यांच्या पिठात गूळ, आणि मग खसखशीवर थापणे. खसखशीची बाजू वर ठेवूनच तळायचे, उलटायचे नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. आईच्या, सासूच्या शेजारी बसून येतात, आणि एकदा आल्या की बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाहीत.

धर्म स्वयंपाकघरात सगळ्यात शेवटी पोचतो, याचा आपल्या भाषेतला सर्वांत प्रामाणिक दाखला नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीचाच आहे. ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई 1900 मध्ये. नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले होते. सोवळे कसे सुटत गेले ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःला हसत सांगितले आहे. सुटले ते सोवळे. हात तेच राहिले.

जिथे कायदाच स्वयंपाकघरात शिरला, तिथले उदाहरण गोव्याचे. इन्क्विझिशनच्या 1736 च्या हुकूमनाम्याने नवख्रिस्तींच्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली. हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, इथपर्यंत. अ. का. प्रियोळकरांच्या 1961 च्या इंग्रजी ग्रंथात तो वाचताना पानात वाढलेल्या भाताकडेही संशयाने पाहणारे डोळे दिसतात. तरी नेवरी टिकली. गोव्यात ती चवथीलाही होते आणि नाताळलाही. म्हणजे आपली करंजीच. तिच्या शेजारी पोर्तुगीजांकडून आलेले मार्झिपान बसले, पण बदामाऐवजी काजूचे, आणि काजूही त्यांनीच ब्राझीलहून आणलेला. मासा, फूल, पान अशा साच्यांतून काढलेल्या त्या वड्या, आणि काट्याच्या किंवा कोऱ्या फणीच्या दातांवर दाबून वळलेले शंखासारखे कुलकुल, हे सगळे रेल्वे, देवळालीची छावणी, नाशिकरोडचा छापखाना अशा नोकऱ्यांच्या वाटांनी गोवा-वसईच्या कॅथलिक कुटुंबांबरोबर नाशकात आले. मावशींचे घर प्रोटेस्टंट, पण कुलकुल त्यांच्याही ताटात शिरले. पंथांमधले हे दळणवळण पाद्र्यांपेक्षा शेजारणींनी जास्त केले असावे.

शब्दांचेही असेच. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज शब्द; इंग्रज-अमेरिकन मिशनांनी बाप्तिस्मा दिलेल्यांच्या तोंडीही तोच बसला. आणि ज्याच्या नावात आपल्याला महादेव दिसतो तो शंकरपाळा फारसी ‘शकरपाऱ्या’चा वंशज. मूळ मालक शोधायला निघालो तर दिवाळीच्या ताटातलेही अर्धे परत करावे लागेल.

मिशनची खूण ताटावर आहे, पण ती रुमालावर. मिशनच्या मुलींच्या शाळांत शिवण-विणकाम शिकवत, आणि क्रोशा त्या वाटेने घरोघर गेला. रुमाल मिशनचा आणि त्याखालची करंजी आजीची. मावशींच्या आजीला ती कोणाकडे बघून उतरवून घ्यावी लागली नव्हती. तिच्या आईने जशी शिकवली तशीच तिने ती केली, फक्त दिवस बदलला. वाटणीत आलेल्या वस्तूला हिशेबात नक्कल म्हणत नाहीत.

मावशी आता नव्वदीकडे झुकल्या आहेत. पूर्वी त्यांचा केक वाळू घातलेल्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून व्हायचा आणि वर नाशिकच्याच बेदाण्यांची नक्षी असायची. आता त्यांची नात ओव्हनमध्ये करते. गेल्या नाताळला मी गेलो तेव्हा ती केकच्या कडेने पांढऱ्या आयसिंगची वेल काढत होती, एकावर एक दुमड घातल्यासारखी. मावशींनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले.

“जरा घट्ट घाल गं,” त्या म्हणाल्या, “तळताना उकलेल.”