सात खुंट्यांचे एकशेचाळीस

आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक कागद आहे. 1956 साली आजोबांनी गिरगावातली चाळीतली खोली घेतली, तेव्हाची ती यादी. शिसवी कपाट 700, लोखंडी खाट 300, विजेचा पंखा 600, आरसा 150, भिंतीतल्या फळ्या दोन 110, खुंट्या सात 140. एकूण रुपये दोन हजार फक्त. खाली रेव्हेन्यू स्टँपावर आधीच्या भाडेकरूची झोकदार सही.

आजोबांचा पगार तेव्हा एकशेदहा होता. मी बँकेतला कारकून, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एका खुंटीला वीस रुपये, म्हणजे साडेपाच दिवसांचा पगार! आजोबा त्या खुंटीला रोज टोपी अडकवत. एवढ्या महागड्या वस्तूला टोपी अडकवताना त्यांचा हात कसा कापला नाही, याचे मला लहानपणी नवल वाटे.

पुढे कॉमर्सला गेलो तेव्हा कोडे आणखी वाढले. प्राध्यापक सांगत, फर्निचरवर दरवर्षी घसारा धरायचा, दहा टक्के. इथे जुन्या पंख्याचे सहाशे! तो पंखा मी पाहिला आहे. वाऱ्यापेक्षा आवाज जास्त.

उलगडा झाला तो कायद्याचे पुस्तक चाळताना. 1947 चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा 13 फेब्रुवारी 1948 पासून अंमलात आला. भाडी थिजली ती 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर. फाळणीनंतर शहरात निर्वासितांची रीघ लागलेली, जागा मिळेना. घरमालकाला भाडे वाढवता येईना आणि भाडेकरूला सहज काढताही येईना. म्हणजे आमच्या चौदा रुपये भाड्याच्या खोलीची खरी किंमत मालकाच्या हातून निसटून भाडेकरूच्या खिशात आली. पण त्याला ती विकायची सोय नव्हती. मालकाने पागडी घेणे गुन्हा आणि भाडेकरूने जागा सोडायचे पैसे घेणेही गुन्हा, दोन्हींना शिक्षा. (घेणाऱ्याला बरे का! देणाऱ्याला शिक्षा एवढीच, की पैसे जायचे.)

पण स्वतःचा जुना पंखा विकू नका, असे कुठला कायदा म्हणतो? झाले! खोली फुकट आणि खुंट्या वीस रुपयांना. दुकानदारांचे त्या मानाने बरे होते. त्यांना चालता धंदा, माल आणि गुडविलसकट जागा दुसऱ्याला देण्याची सरकारनेच मुभा ठेवली होती. घरात कसले आले गुडविल? तिथे कपाटालाच पुढे व्हावे लागले.

ही अक्कल फक्त गिरगावची, असा माझा अभिमान होता, तोही टिकला नाही. इंग्लंडातही तेच. तिथल्या 1977 च्या रेंट ॲक्टात, फर्निचरची वाजवीपेक्षा जास्त लावलेली किंमत ही पागडीच समजावी, असे सरळ कलम आहे. संशय आला तर नगरपालिकेने आधी नोटीस देऊन घरातले फर्निचर बघायला जायचे! आमच्या चाळीत असा साहेब आला असता तर आजीने त्याला आधी चहा दिला असता आणि मग खुंट्या मोजायला लावल्या असत्या.

वास्तविक खुंटी कोणाची, हाही वाद जुनाच. 1872 साली ब्रॅडफर्डच्या एका गिरणीतले माग, जमिनीला खिळ्यांनी ठोकलेले, गिरणीबरोबर गहाण गेले की नाही यावर इंग्लंडात खटला झाला. गेले, असा निकाल लागला. आपला 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा भाडेकरूशी जरा मायेने वागतो. भाडेकरूने स्वतः बसवलेले त्याने काढून न्यावे, मात्र जागा घेतली तशी परत करावी.

हे सगळे ज्ञान मी एकदा आजीला ऐकवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “खुंट्यांचे एकशेचाळीस कसले रे? माझ्या पाटल्या गेल्या त्यात. चार तोळ्यांच्या. माहेरच्या.” यादीत पाटल्यांचा उल्लेख नाही. जमेची बाजू आहे, नावेची कोणी लिहिलीच नव्हती.

1999 चा नवा भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि पागडी घेणे-देणे उजळ माथ्याने होऊ लागले. 2003 साली वडिलांनी खोली विकली. मालकाचा हिस्सा वजा होऊन पैसे चेकने आले. मी जुनी यादी बरोबर घेऊन गेलो होतो, न जाणो विचारतील. घेणारे गृहस्थ म्हणाले, “ते सामान तेवढं हलवा हो, आम्हाला अडचण होते.” पंखा आणि खाट भंगारवाल्याने मिळून एकशेवीसला नेली. कपाटाला वाळवी लागली होती.

आजी मात्र दारात उभी राहिली. “एक खुंटी काढून दे,” म्हणाली. मी पकड लावून ओढली. सत्तेचाळीस वर्षांची खुंटी, ती वीतभर गिलावा घेऊनच बाहेर आली. आजीने ती पदराने पुसली आणि पिशवीत टाकली.

भोक बुजवायचे पन्नास रुपये त्या गृहस्थांनी आमच्याकडून घेतले. पावती दिली नाही.