तहसिलीच्या शिवेवर अडलेले प्रतिनिधित्व

यवतमाळ जिल्ह्यातील गोंड, कोलाम, परधान आणि आंध या समाजांना कायदेमंडळात आपला माणूस पाठवण्याचा हक्क स्वातंत्र्यानंतर मिळाला. तोही सगळ्यांना एकाच वेळी मिळाला नाही. जिल्ह्यातले काही तालुके त्यात आले आणि काही पाव शतकाहून अधिक काळ बाहेर राहिले.

यवतमाळ जिल्हा ज्या वऱ्हाडात येतो, तो इंग्रजी अमलात कागदोपत्री निजामाचाच मुलूख होता. 1902 च्या करारानंतर तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे 1919 च्या सुधारणांनंतर वऱ्हाडात निवडून आलेल्या सभासदांचीही सरकारकडून औपचारिक नेमणूक व्हावी लागे. मताचा हक्क शेतसारा आणि मालमत्तेवर ठरत असल्याने बटाईने शेती करणारा गोंड किंवा जंगलालगत राहणारा कोलाम मतदारयादीत येणे अवघडच होते.

1935 च्या कायद्याने मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत 112 जागा केल्या. पुणे करारानुसार 20 जागा अस्पृश्य वर्गांसाठी राखीव झाल्या. मुसलमानांना 14, जमीनदारांना 3 आणि व्यापाऱ्यांना 2 जागा मिळाल्या. मागास क्षेत्रे व जमातींच्या वाट्याला आली फक्त 1. ज्या प्रांताचा मोठा भाग गोंडवन म्हणून ओळखला जाई, तिथल्या आदिवासींपेक्षा मूठभर जमीनदारांचा आवाज तिप्पट ठरला. हा उघड अन्याय होता. दक्षिण आफ्रिकेत 1936 च्या कायद्याने केप प्रांतातील कृष्णवर्णीयांना सामाईक मतदारयादीतून काढले आणि कनिष्ठ सभागृहात त्यांच्या वतीने बोलायला तीन गोरे प्रतिनिधी दिले. वऱ्हाडची व्यवस्था तितकी कठोर नव्हती. पण कोणत्या समाजाला किती आवाज द्यायचा हे दोन्हीकडे राज्यकर्तेच ठरवत होते.

1950 मध्ये राज्यघटनेने प्रौढ मताधिकार दिला आणि लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागांची तरतूद केली. मात्र अनुसूचित जमातींच्या यादीला क्षेत्राची अट जोडलेली होती. जुन्या यवतमाळ जिल्ह्यात पाच तालुके होते: यवतमाळ, केळापूर, वणी, दारव्हा आणि पुसद. त्यांपैकी पहिले तीनच यादीत आले. वणीचा गोंड कायद्याने आदिवासी ठरला, दारव्ह्याचा ठरला नाही. भाषा, देव, सोयरिकी सारे सारखे असले तरी शीव ओलांडली की हक्क संपत असे. सर्वांत मोठा फटका आंधांना बसला. त्यांची मोठी वस्ती पुसद-उमरखेडच्या डोंगराळ भागात आहे आणि तो सगळा टापू यादीबाहेर होता. त्यांना मत देता येई, पण राखीव जागेवर उभे राहता येत नसे. राखीव जागा ज्या लोकसंख्येवरून ठरत, तिच्यातही त्यांची मोजणी होत नसे. हा दुसरा तोटा सहसा लक्षात येत नाही, पण परिणाम त्याचाच जास्त झाला.

1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात, तरी अट तशीच राहिली. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने ती काढली आणि 27 जुलै 1977 पासून बदल लागू झाला. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची नोंदलेली लोकसंख्या 1971 मध्ये सुमारे साडेएकोणतीस लाख होती. 1981 मध्ये ती सुमारे पावणेअठ्ठावन्न लाख झाली. या वाढीत खोट्या दाव्यांचाही भाग होता, अशी तक्रार आदिवासी संघटना सातत्याने करत आल्या आहेत. तरीही क्षेत्राच्या अटीने किती माणसे मोजणीबाहेर ठेवली होती, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

मतदारसंघांच्या 2008 च्या पुनर्रचनेनंतर जिल्ह्यातील सात विधानसभा मतदारसंघांपैकी राळेगाव आणि आर्णी हे अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आर्णीच्या आधी ही जागा केळापूरची होती. स्थानिक कारभारात मात्र तालुक्यांचा भेद उरलाच. 1985 च्या आदेशाने जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र ठरवले, तेव्हा मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी तहसिलींमधली गावे त्यात घेतली गेली. ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरताच असल्याने पुसद-उमरखेडच्या आंध गावांना तो लागू झाला नाही.