वजनाचा काटा आणि मद्रासची तान्ही बाळे

एकोणिसाव्या शतकातल्या मद्रासमध्ये बाळाने अंग धरणे ही घरादाराला दिलासा देणारी गोष्ट होती. 1876 ते 1878 च्या दुष्काळात मद्रास इलाखा होरपळून निघाला होता. दुष्काळ नसलेल्या वर्षीही हगवण, देवी आणि ताप यांमुळे कितीतरी बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत. अंगावर थोडी चरबी असलेले मूल आजारात तग धरते, हे आज्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून मांड्यांना वळ्या पडलेल्या बाळाचे कौतुक होई आणि लगोलग त्याच्या गालावर काजळाची तीटही लागे. आजच्या चेन्नईत तान्हेपणीच स्थूलपणा टाळण्याचे जे प्रयत्न होतात, त्यांची गाठ या जुन्या आणि रास्त भीतीशी पडते.

जुन्या तमिळ घरात मूल दीर्घकाळ अंगावर पीत असे. वरचे दूध द्यायची वेळ आलीच तर ते ‘पालाडै’ने देत. पालाडै म्हणजे लांबट चोच असलेली चांदीची किंवा पितळेची लहानशी वाटी. महाराष्ट्रात हिलाच बोंडले म्हणतात. तिच्यात काही चमचेच दूध मावते. ते संपले की पुन्हा भरायचे, आणि तेवढ्या वेळात बाळ श्वास घेते, थांबते, नको असेल तर तोंड फिरवते. धुवायला सोपी असल्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ती रुग्णालयांतही वापरात राहिली. पुढचे अन्न म्हणजे नाचणीची पेज. नाचणी रात्रभर भिजत घालायची, वाटायची, मऊ धोतराच्या कापडातून पिळून तिचे दूध काढायचे आणि ते मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळत राहायचे. मराठी घरातले नाचणीचे सत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

या रीतींचा सरसकट गौरव मात्र करता येणार नाही. बाळंतिणीचे पहिले पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. तो अनेक घरांत वाईट समजून पिळून टाकत आणि त्याऐवजी बाळाच्या जिभेवर साखरपाणी, मध किंवा गाढविणीचे दूध घालत. गाढविणीला घेऊन दारोदार फिरणारे विक्रेते दारातच दूध काढून देत; त्याने बाळाचा आवाज सुधारतो, अशी समजूत होती. जन्मतःच गोड चव लावण्याची ही सवय बाटलीच्या कितीतरी आधीची आहे.

मद्रासमधल्या एग्मोरचे प्रसूती रुग्णालय 1844 पासूनचे. विसाव्या शतकात रुग्णालयांच्या जोडीला बाजारही बाळापर्यंत पोहोचला. नेस्लेचा भारतातला व्यापार 1912 मध्ये सुरू झाला; ग्लॅक्सोच्या बाळदुधाचे डबेही आले. 1928 मध्ये मद्रासमध्ये टी. टी. कृष्णमाचारी यांनी वितरणाचा व्यवसाय उभारला आणि त्यामार्फत वुडवर्ड्सचे ग्राइप वॉटर दक्षिणेत घरोघरी गेले. त्याच काळात बालसप्ताह आणि बाळांची प्रदर्शने भरू लागली. महाराष्ट्रातल्या सुदृढ बालक स्पर्धा याच परंपरेतल्या. स्वच्छता आणि लसीकरण यांचा प्रचार हा त्यांचा हेतू चांगलाच होता, पण लोकांच्या लक्षात राहिले ते बक्षीस मिळवणारे गोबरे गाल. जाहिरातींनीही तेच चित्र उचलले.

बाटलीने घरातली एक गोष्ट खोलवर बदलली. छातीशी पिणारे मूल पोट भरले की सोडून देते, आणि किती प्यायले ते आईला दिसत नाही. बाटलीवर मात्र रेघा असतात, आणि रेघेपर्यंत दूध उरले की ते संपवण्याचा आग्रह सुरू होतो. शिवाय गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट असतात. जास्त प्रथिनांच्या डबाबंद दुधावर वाढलेली मुले दुसऱ्या वर्षी अधिक वजनदार भरतात, असे युरोपातल्या पाच देशांतल्या चाचणीत 2009 मध्ये दिसून आले.

कुपोषणाशी लढणाऱ्यांनाही वजनाचाच आधार घ्यावा लागला. 1980 मध्ये सुरू झालेल्या तमिळनाडू एकात्मिक पोषण प्रकल्पात 6 ते 36 महिन्यांच्या मुलांचे दरमहा वजन होई. ज्यांचे वजन वाढत नाही त्यांनाच पूरक आहार मिळे, आणि मूल सावरले की तो बंद होई. गरजेपुरतेच भरवण्याचा हा विचार त्या काळात दुर्मीळ होता आणि त्याचे मोल आजही कमी झालेले नाही. दवाखान्यांतले वाढीचे आंतरराष्ट्रीय तक्ते मात्र प्रामुख्याने बाटलीवर वाढलेल्या अमेरिकन बाळांवरून बेतलेले होते. अंगावर पिणारे निरोगी मूल तीन-चार महिन्यांनंतर त्यांत मागे पडल्यासारखे दिसे आणि आईला वरचे दूध सुरू करण्याचा सल्ला मिळे. स्तनपान हाच पाया मानणारे जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते 2006 मध्ये आले. त्याआधी 1992 च्या कायद्याने डबाबंद दुधाच्या जाहिरातींना आणि डब्यावरच्या बाळाच्या चित्राला बंदी घातली होती.

दरम्यान पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कमी वजन म्हणजे कमी चरबी ही समजूतच हलवून टाकली. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. तरीही पुण्याच्या किरकोळ बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, हे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. कमी वजनाच्या बाळाला घाईघाईने लठ्ठ करणे म्हणजे आधीच असलेल्या चरबीत भर घालणे, हा धोका त्यातून उघड झाला.

मद्रासचे स्वतःचे योगदान मात्र जन्माच्याही आधीचे. मद्रास मेडिकल कॉलेजात 1978 मध्ये मधुमेहाचा स्वतंत्र विभाग उभारणारे डॉ. व्ही. शेषय्या गरोदरपणातल्या मधुमेहामागे आयुष्यभर लागले. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाचे इन्सुलिन वाढते आणि चरबी साठते. अशा मुलांना पुढे स्थूलपणा आणि मधुमेह होण्याचा संभव अधिक. तपासणीसाठी उपाशीपोटी लांबून येणे गरोदर बाईला जड जाते, म्हणून त्यांनी सोपी चाचणी पुढे आणली: जेवण कधी झाले ते न पाहता 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्यायचे आणि दोन तासांनी साखर तपासायची, 140 किंवा त्याहून जास्त भरली तर उपचार. 2007 मध्ये तमिळनाडूने प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी आवश्यक केली. ही दूरदृष्टी किती गरजेची होती, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) दिसते: राज्यातल्या 40.4 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. देशात पाच वर्षांखालच्या वजनदार मुलांचे प्रमाण आधीच्या पाहणीतल्या 2.1 वरून 3.4 टक्क्यांवर गेले होते.

आता सल्ला असा दिला जातो: जन्मानंतर तासाभरात चीक, सहा महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर नाचणी-डाळ-भाज्या, दोन वर्षांपर्यंत वरची साखर नाही, आणि मुलाने तोंड फिरवले की घास थांबवायचा. अंगणवाडीत सत्तुमावू म्हणजे धान्य-डाळींचे पीठ मिळते आणि वजनाबरोबर बाळाला आडवे निजवून लांबीही मोजतात. वजन लांबीशी ताडून पाहिले की खंगलेले मूल जसे ओळखू येते, तसे प्रमाणाबाहेर भरलेलेही; नुसत्या वयाच्या तक्त्यात ही दुसरी बाब स्पष्ट होत नसे.